ज्येवरून चाप : उलट त्रिकोणमिति आणि सी भाषा



यंदाच्या विज्ञान-प्रदर्शनाच्या तयारीच्या दिवसांत संगणक-वर्गांतील एका मुलानें एक उपयुक्त काम हातीं घेतलें होतें. शाळेंत येणाऱ्या मुलामुलींपैकीं कोणाचीं घरें एक किलोमीटरच्या आंत आहेत, म्हणजे रिक्षा किंवा बस यांवांचून कोणाला पायीं येतां येईल, याची यादी त्याला करावयाची होती. प्रत्येक घराचे अक्षांश व रेखांश त्यानें मोबाईलवरील नकाशावरून टिपले, आणि पृथ्वीच्या पाठीवरील दोन ठिकाणांमधील अंतर काढण्याचें सूत्र मजजवळ मागितलें. मीं तें फळ्यावर लिहून दिलें. त्यानें सी भाषेंत प्रोग्राम रचला आणि तिसऱ्या दिवशीं यादी माझ्यापुढें ठेवली. तींत बहुतेक घरांचें अंतर शून्य किलोमीटर होतें, कांहींचें २.२, थोड्यांचें ३.१. या आंकड्यांच्या मधलें असें एकहि अंतर नव्हतें. दोन घरांपुढें तर अंकाऐवजीं 'नॅन' अशीं अक्षरें उमटलीं होतीं.

मी त्याला बोललों. घाईनें उरकलेलें, आंकडे न तपासतां आणलेलें काम असें माझें मत झालें, व तें मीं वर्गासमोर बोलून दाखविलें. मुलानें उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो इतकेंच म्हणाला, "सर, एकदां तुम्हीच चालवून बघा ना." मीं चालवून पाहिलें. त्याच्या लिहिण्यांत दोष म्हणतां येईल अशी एकच गोष्ट होती, आणि तिला निमित्त माझें सूत्र होतें. त्याची समजूत मीं एकट्याला बोलावून घातली, पण तेवढ्यानें माझें समाधान झालें नाहीं. आरोप चारचौघांत करावयाचा आणि कबुली कोपऱ्यांत द्यावयाची, हें शब्बाथ शाळेंत आम्ही जें शिकवितों त्याशीं जुळत नाहीं. म्हणून हा उलगडा छापून देत आहें. तो समजण्यास उलट त्रिकोणमितीची थोडी माहिती हवी, आणि ती माहिती स्वतंत्रपणेंहि गोड आहे.

त्रिकोणमितीचा पहिला धडा दहावीच्या मुलांस ठाऊक आहे. काटकोन त्रिकोणांत एक लघुकोन दिला म्हणजे त्याच्या समोरची बाजू आणि कर्ण यांचें गुणोत्तर ठरून जातें. त्या गुणोत्तराला आपण साइन म्हणतों. जुने गणिती याच कल्पनेला ज्या म्हणत. ३० अंशांची ज्या अर्धी, ९० अंशांची एक. हा झाला सरळ प्रश्न. आतां उलट प्रश्न घ्या : ज्या अर्धी आहे, तर कोन किती? वर्गांत सगळे हात एकदम वर होतात, "तीस!" उत्तर चूक नाहीं, पण तें एकटें नाहीं. १५० अंशांची ज्याहि अर्धीच आहे, आणि वर्तुळाला एक पूर्ण फेरी घालून आलेल्या ३९० अंशांचीहि अर्धीच. सरळ प्रश्नाला एकच उत्तर, उलट प्रश्नाला अगणित. यंत्राला मात्र त्यांतलें एकच निवडून हातावर ठेवावें लागतें.

या उलट प्रश्नाचें इंग्रजी नांव आर्कसाइन. आर्क म्हणजे वर्तुळाच्या परिघाचा तुकडा, ज्याला पाठ्यपुस्तकांत आपण कंस म्हणतों व जुन्या ग्रंथांत चाप म्हटलें आहे. चाप म्हणजे धनुष्य. वर्तुळाचा एक तुकडा काढा व त्याचीं दोन टोंकें सरळ रेषेनें जोडा. वांकलेली कांठी तें चाप, ताणलेली दोरी ती ज्या, आणि दोरीच्या मध्यापासून कांठीच्या मध्यापर्यंत उभा राहील तो शर, म्हणजे बाण. धनुष्याचें हें चित्र मनांत ठेवा. लेखाच्या शेवटीं बाणाचें काम पडणार आहे. दोरीच्या लांबीवरून कांठीची लांबी काढणें, हीच सारी उलट त्रिकोणमिति. सी भाषेंतील उत्तर अंशांत न येतां रेडियनमध्यें कां येतें, याचाहि खुलासा येथेंच होतो. ज्या वर्तुळाची त्रिज्या एक आहे त्याच्या कंसाची लांबी म्हणजेच रेडियन. यंत्र आपल्याला कोन देत नसून खरोखरीच चाप मोजून देतें. अंश हवे असतील तर १८० नें गुणून पायनें भागण्याचें काम आपलें.

पालकांपैकीं ज्यांनीं अभियांत्रिकीच्या पदविकेसाठीं क्लार्कचीं कोष्टकें वापरलीं असतील त्यांस आठवेल कीं, त्या काळीं उलट प्रश्न म्हणजे कोष्टक उलट वाचणें. कोनाच्या रकान्यांतून ज्येकडे जाण्याऐवजीं ज्यांच्या गर्दींत आपला आंकडा शोधावयाचा, आणि मग समासांतील कोनाकडे बोट सरकवावयाचें. कोष्टकें रचणाऱ्यांचे कष्ट आज कोणाच्या ध्यानांत येत नाहींत. आपल्या पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे यांचीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' १८६० सालीं मराठींत प्रसिद्ध झालीं. तसल्या ग्रंथाच्या एकेका ओळीमागें किती हाताचीं गणितें उभीं असतील याची कल्पना केलेली बरी.

परंतु कोष्टकावांचूनहि चाप काढण्याची एक युक्ति आपल्या प्रांतांत आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं लिहिली गेली आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ त, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला, आणि आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे, हें त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेविलें आहे. चाळीसगांव तालुक्यांत पाटणें येथें शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं मठ स्थापन केल्याचें त्यांत कोरलें आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो लेख विद्वानांच्या नजरेस आणला. 'लीलावती' हा ग्रंथ इ. स. ११५० चा. जॉन टेलर यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १८१६ मध्यें मुंबईस छापलें गेलें. आमच्या लहानपणीं लीलावती म्हणजे भुंगे आणि कमळें यांचीं कूट उदाहरणें एवढीच समजूत होती; ज्या प्रकरणांत खरी तलवार आहे तें प्रकरण कोणी उघडून दाखविलें नाहीं.

तें सूत्र मी माझ्या शब्दांत सांगतों. परिघाचा वर्ग करून त्याची सव्वापट घ्यावी व तिला ज्येनें गुणावें. या गुणाकारास, चौपट व्यासांत ज्या मिळवून येणाऱ्या संख्येनें भागावें. आलेला भागाकार परिघाच्या वर्गाच्या चतुर्थांशांतून वजा करावा, बाकीचें वर्गमूळ घ्यावें, आणि तें मूळ अर्ध्या परिघांतून वजा करावें. उरेल तें चाप.

आतां ग्रंथांतील मापें घेऊन हें करून पाहूं. व्यास २४०, आणि परिघाचे सारखे १८ भाग कल्पिले आहेत. ज्या, म्हणजे पुरी दोरी, १२० आहे असें समजा. १८ चा वर्ग ३२४, त्याची सव्वापट ४०५, तिला १२० नें गुणून ४८६००. चौपट व्यास ९६०, त्यांत १२० मिळवून १०८०. भागाकार बरोबर ४५. वर्गाचा चतुर्थांश ८१, त्यांतून ४५ गेले, राहिले ३६, मूळ ६. अर्धा परीघ ९ भागांचा. ९ मधून ६ गेले, ३ उरले. म्हणजे चाप तीन भागांचें, एकूण वर्तुळाचा सहावा हिस्सा. वर्तुळांत त्रिज्येएवढ्या सहा दोऱ्या मांडल्या कीं षट्कोन बंद होतो, हें कंपासपेटी हातीं आलेल्या प्रत्येक मुलानें करून पाहिलें आहे. उत्तर चोख.

या रीतींत शेवटीं एक वजाबाकी आहे, तिच्याकडे मुद्दाम पाहा. ९ मधून ६ वजा करण्याऐवजीं ९ मध्यें ६ मिळविले असते तर १५ आले असते. तेंहि खोटें नाहीं! एकच दोरी वर्तुळाचे दोन तुकडे करते, एक तीन भागांचा व दुसरा पंधरा भागांचा. ती दोन्ही धनुष्यांची दोरी आहे. आचार्यांनीं लहान चाप निवडलें, आणि ती निवड एका वजा चिन्हांत सांठविली. आज सी भाषेच्या नियमांत जें लिहावें लागतें तेंच हें आहे.

सूत्र अचूक आहे काय? नाहीं, तें जवळपासचें आहे, आणि चापाचें मान याहून सूक्ष्म काढावयाच्या रीति आचार्यांना ठाऊक होत्या. आपल्या ३, ४, ५ बाजूंच्या त्रिकोणावर परीक्षा घेऊं. ज्या ०.६ असतां या रीतीनें कोन ३६.९२ अंश येतो, खरा ३६.८७ आहे. चूक सुमारें तीन कलांची, म्हणजे एका अंशाच्या विसाव्या भागाची. एक किलोमीटरवरील झाडावर नेम धरला तर तो सुमारें ९० सेंटिमीटर बाजूस जाईल. भागाकार व वर्गमूळ यांपलीकडे कांहीं न वापरतां इतकें साधतें, याचें मला अजून नवल वाटतें.

आतां सी भाषेकडे वळूं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास ही भाषा घडविली. १९७८ मध्यें तिच्यावरील प्रसिद्ध पुस्तक निघालें, आणि १९८९ मध्यें तिचे नियम प्रमाण म्हणून ठरले. उलट त्रिकोणमितीचीं चार फलनें या भाषेच्या गणिती संग्रहांत तयार मिळतात. साइनच्या मागें आर्कचें आद्याक्षर लावून असिन, कोसाइनवरून अकॉस, टॅनवरून अटॅन, आणि चौथें अटॅन-दोन. असिनचें उत्तर उणें ९० पासून ९० अंशांपर्यंतचें असतें, अकॉसचें शून्यापासून १८० पर्यंतचें. आचार्यांच्या वजा चिन्हाप्रमाणें ही निवड आधींच करून ठेवलेली आहे. असिन व अकॉस यांना उणें एक ते एक यांच्या बाहेरची संख्या दिली तर तिला कोन नाहीं. अशा वेळीं यंत्र 'ही संख्या नव्हे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें पुढें करतें. आमच्या यादींतील नॅन तें हेंच.

नवशिक्यांना फसविणाऱ्या जागा येथें बऱ्याच आहेत. सर्वांत जास्त मुलें ज्या जागीं पडतात ती जागा त्रिकोणमितीची नाहींच. टॅन तीन-चतुर्थांश असलेला कोन काढावयाचा म्हणून मूल अटॅनच्या कंसांत ३ भागिले ४ असें सरळ लिहितें, आणि उत्तर शून्य येतें. कारण सी भाषेंत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच धरतात. तीनांत चार शून्य वेळां जातात, अपूर्णांक टाकून दिला जातो, आणि शून्याचा अटॅन शून्य. ३ च्या ऐवजीं ३.० लिहिलें कीं ०.६४३५ रेडियन, म्हणजे ३६.८७ अंश, असें उत्तर ठीक येतें. गंमत अशी कीं पायची किंमत या भाषेच्या नियमांत दिलेली नाहीं. ती हवी असल्यास पुष्कळजण एकाच्या अटॅनला चारानें गुणून मिळवितात, म्हणजे चापालाच विचारून घेतात.

दुसरी जागा दिशेची. शाळा मध्यभागीं धरा. एक घर ४०० मीटर पूर्वेस व ३०० मीटर उत्तरेस, वेताळ टेकडीच्या अंगाला. दुसरें ४०० मीटर पश्चिमेस व ३०० मीटर दक्षिणेस, वारज्याच्या अंगाला. उत्तरेकडील अंतरास पूर्वेकडील अंतरानें भागलें तर पहिल्यासाठीं ०.७५ येतात, दुसऱ्यासाठीं उणें ३०० भागिले उणें ४००, तेव्हां तेहि ०.७५. दोन उणीं चिन्हें एकमेकांस खाऊन टाकतात. बिचाऱ्या अटॅनला दोन्ही घरें एकाच वाटेवर दिसतात, आणि वारज्याच्या मुलाला तें टेकडीवर पाठवितें. अटॅन-दोन हें फलन भागाकार मागतच नाहीं. त्याला दोन्ही अंतरें वेगवेगळीं द्यावयाचीं, आधीं उत्तरेचें व मग पूर्वेचें. तें चिन्हें पाहून चरण ठरवितें व पहिल्यासाठीं ३६.८७ आणि दुसऱ्यासाठीं उणें १४३.१३ अंश असें सांगतें. घर नेमकें उत्तरेस असेल तर भागाकारांत शून्यानें भागण्याची पाळी आली असती; तीहि येथें टळते. दिशा काढावयाची असेल तेथें अटॅन-दोनच वापरावें, हें माझें स्पष्ट मत आहे.

यंत्र हीं उत्तरें आणतें कोठून? त्याच्या पोटांत क्लार्कचीं कोष्टकें नाहींत. केरळांत चौदाव्या शतकांत संगमग्रामचे माधव होऊन गेले. टॅनवरून चाप काढण्याची अनंत पदांची श्रेढी त्यांच्या परंपरेंत सिद्ध झाली, आणि सोळाव्या शतकांत ज्येष्ठदेवांच्या 'युक्तिभाषा' या मलयाळम ग्रंथांत ती उपपत्तीसह लिहिली गेली. युरोपांत ती १६७१ त ग्रेगरी यांना सांपडली. टॅनची किंमत घ्या, तिच्या घनाचा तिसरा हिस्सा वजा करा, पांचव्या घाताचा पांचवा हिस्सा मिळवा, सातव्याचा सातवा वजा करा, याप्रमाणें पुढें. श्रेढी फार सुंदर, पण मोठ्या संख्येपुढें अत्यंत मंद. टॅन एक असतां हजार पदें घेऊन पायची किंमत काढा; तिसरें दशांश स्थळ चुकलेलेंच राहतें. आपल्या ०.७५ साठीं पांच पदें घेतलीं तर ०.६४६१ येतात, आणि पाहिजेत ०.६४३५. ही चूक सुमारें नऊ कलांची झाली. आचार्यांचें एका ओळीचें सूत्र हिच्याहून सरस ठरलें!

तेव्हां युक्ति ही कीं मोठी संख्या श्रेढीपुढें आणूंच नये. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९३ सालीं सर्वांना खुला करून दिलेला एक गणिती संग्रह आहे. त्यांत ०.७५ आली म्हणजे आधीं ४५ अंश बाजूला काढून ठेवतात. ४५ अंशांचा टॅन एक, ०.७५ मधून एक वजा करून, त्यास ०.७५ अधिक एक यानें भागलें कीं उणें एक-सप्तमांश येतो. म्हणजे ज्याचा टॅन एक-सप्तमांश आहे तेवढा लहानसा कोन ४५ अंशांतून वजा केला कीं काम झालें. आतां याच एक-सप्तमांशासाठीं माधवांच्या श्रेढीचीं तीनच पदें घ्या : ०.१४२८५७१ वजा ०.०००९७१८ अधिक ०.००००११९. एकूण ०.१४१८९७२. ४५ अंशांचें चाप ०.७८५३९८२, त्यांतून तें वजा करून ०.६४३५०१०, खरें उत्तर ०.६४३५०११. तीन पदांत सहा स्थळें साधलीं. त्या संग्रहांत प्रत्यक्ष श्रेढीऐवजीं बारकाईनें बेतलेली बहुपदी असते, पण संख्या लहान करून घेण्याची ही पहिली पायरी तीच.

असिनची गोष्ट याहून मौजेची. संख्या अर्ध्यापर्यंत असेल तोंवर हा संग्रह दोन बहुपदींच्या भागाकारावर काम भागवितो. अर्ध्याच्या वर गेली कीं ती एकांतून वजा करून, निम्मी करून, तिचें वर्गमूळ घेतो. त्या लहान संख्येचें चाप काढतो, आणि त्याची दुप्पट ९० अंशांतून वजा करतो. भागाकार, वर्गमूळ, आणि शेवटीं वजाबाकी. लीलावतींतील क्रमच पुन्हां डोळ्यांपुढें आला, असें मला तें वाचतांना वाटलें. एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें असें नव्हे. ज्या एकाजवळ आली कीं वक्र सपाट होतो, आणि सपाट जागेवरून मागें फिरावयास वर्गमूळाचा आधार घ्यावाच लागतो; दोघांनाहि तीच अडचण भेटली.

आमच्या यादीचा घात या सपाट जागेनेंच केला. मीं फळ्यावर लिहिलेल्या सूत्रांत दोन ठिकाणांमधील कोनाची कोज्या, म्हणजे कोसाइन, मिळत होती, व तिच्यावरून अकॉसनें कोन काढून त्यास पृथ्वीच्या त्रिज्येनें, ६३७१ किलोमीटरांनीं, गुणावयाचें होतें. पुस्तकांत हें सूत्र असतें. गणित म्हणून तें निर्दोष आहे. मुंबईहून नागपूरचें अंतर काढा, ठीक येईल. पण कोथरूडांतल्या कोथरूडांत? शून्य अंशाची कोज्या एक. पूर्ण एका अंशाची ०.९९९८५, आणि एका अंशाचें अंतर तर १११ किलोमीटर झालें. १०० मीटरवरील घराची कोज्या एकाहून इतकी थोडी कमी असते कीं दशांश चिन्हानंतर नऊ वेळां ९ आल्यावर पहिला वेगळा अंक दिसतो. त्या मुलानें मधलीं उत्तरें फ्लोट नांवाच्या जातींत सांठविलीं होतीं. फ्लोटमध्यें सुमारें सात सार्थ अंक मावतात. एकाच्या खालीं फ्लोटला ठाऊक असलेली पहिली संख्या ०.९९९९९९९४ आहे, तिच्या आणि एकाच्या मध्यें कांहींच नाहीं. त्या संख्येचा कोन काढून अंतर केलें तर २.२ किलोमीटर येतात. तिच्या खालच्या संख्येचें अंतर ३.१, त्याच्या खालचें ३.८. यंत्राजवळ पायऱ्याच तेवढ्या होत्या. ज्या घराला जी पायरी मिळाली तिच्यावर तें बसलें. दोन घरांचे बाबतींत गुणाकार-बेरजांची कसर उलट दिशेस गेली व कोज्या एकाहून कणभर मोठी झाली, तेव्हां अकॉसनें हात टेकले. मार्च २०२२ मध्यें सुरू झालेल्या मेट्रोच्या वनाज व आनंदनगर या शेजारच्या स्थानकांमधील अंतरहि या हिशेबानें बहुधा शून्यच आलें असतें, आणि गाडीला कोठें जावयाचेंच उरलें नसतें.

यावर कोणी म्हणेल, फ्लोट सोडून डबल वापरा, त्यांत पंधरा-सोळा अंक मावतात. वापरावेंच, माझ्या विद्यार्थ्यानें तें आधींच केलें असतें तर ही यादी दिसावयास ठीक निघाली असती. पण त्यानें रोग लपला असता, गेला नसता. डबलमध्यें ती पहिली पायरी २.२ किलोमीटरांवरून साडेनऊ सेंटिमीटरांवर येते, एवढेंच. शेतांतील दोन खुंट्या मोजणाऱ्याला ती पुन्हां आडवी येईल.

खरा उपाय धनुष्याच्या बाणांत आहे. एकांतून कोज्या वजा केली असतां जें उरतें त्यास आपल्या ज्योतिषग्रंथांत उत्क्रमज्या म्हणतात. त्रिज्या एक धरली तर आपल्या चित्रांतला शर तो हाच. ०.९९९९९९९९९९ असें लिहिण्यांत सगळे अंक नऊ-नऊ लिहिण्यांत खर्ची पडतात. तोच शर नुसता, लहान संख्या म्हणून, वेगळा सांठविला तर फ्लोटचे सातहि अंक त्याच्या वांट्याला येतात. तेव्हां कोज्येच्या वाटेनें जाऊंच नये, आरंभापासून शर धरून चालावें. दर्यावर्दी लोकांना ही गोष्ट कळली होती. अर्ध्या उत्क्रमज्येचीं कोष्टकें ते जहाजावर बाळगीत. तिचें हॅव्हरसाइन हें नांव जेम्स इन्मन यांनीं १८३५ मध्यें रूढ केलें. रीत अशी : दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक निम्मा करून त्याच्या ज्येचा वर्ग करा. रेखांशांतील फरक निम्मा करून त्याच्याहि ज्येचा वर्ग करा, व त्यास दोन्ही अक्षांशांच्या कोज्यांनीं गुणा. दोहोंची बेरीज घ्या, तिचें वर्गमूळ काढा, मूळाचा असिन घ्या, त्याची दुप्पट करून ६३७१ नें गुणा. असिनच्या पुढें येणारी संख्या आतां शून्याजवळची असते, आणि शून्याजवळ ज्येचा वक्र सपाट नसून चांगला चढता असतो. सी भाषेंतील साइन, कोसाइन यांना कोन रेडियनमध्यें लागतो, हें मात्र विसरूं नये.

लीलावतींत शर काढण्याचें एक वेगळें सूत्रहि आहे, आणि त्यांतील एक बारकावा नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. व्यासाच्या वर्गांतून ज्येचा वर्ग वजा करा असें आचार्य म्हणत नाहींत. व्यास व ज्या यांच्या बेरजेस त्यांच्या वजाबाकीनें गुणा, असें म्हणतात. व्यास १०, ज्या ६ : बेरीज १६, वजाबाकी ४, गुणाकार ६४, मूळ ८; १० मधून ८ गेले, २ राहिले, निम्मे केले, शर १. बीजगणितानें दोन्ही रीति एकच. पण व्यास आणि ज्या जेव्हां जवळजवळ सारख्या असतात तेव्हां दोन मोठे वर्ग करून मग वजा करणाऱ्या यंत्राचे अंक वाया जातात, आणि आधीं वजाबाकी करणाऱ्याचे वांचतात. पाटी व धूळ वापरणाऱ्यासहि हें श्रम वांचविणारेंच होतें.

त्या मुलानें नवीन रीत घातली, फ्लोट तसाच ठेवून. अंतरें मीटरांत आलीं व मीटर-दोन मीटरांपर्यंत विश्वासार्ह ठरलीं. मग त्यानें डबल घालून दुसरी यादी केली व दोन्ही शेजारीं शेजारीं चिकटवून प्रदर्शनांत मांडल्या. माझें जुनें सूत्र आणि त्यावरची शून्यांची यादी यांना तिसरी जागा द्यावी, अशी माझी इच्छा होती; तो आधीं संकोचला, मग कबूल झाला. शाळेच्या फाटकासमोर राहणाऱ्या एका मुलीचें अंतर जुन्या यादींत शून्य होतें, नव्या यादींत ४१ मीटर आलें. तिनें व त्यानें मधल्या सुटींत तें टेपनें मोजलें, ४३ भरलें. दोन मीटरांचा फरक मोबाईलच्या नकाशाचा, कीं टेप रस्त्याच्या कडेनें वळवून धरली तिचा, यावर त्यांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.